लॅपटॉपला रिग, दुसरी रिग आणि रोटेटर: सीरियल जोडणी कशी लावावी

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका नव्या व्हीयू३ (हौशी रेडिओचा परवाना असलेल्या) मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: घरी केनवूड टीएस-४८० ही रिग (ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्ही करणारा रेडिओ) आहे, जुनी येसू एफटी-८५७ आहे आणि आर्डुइनोवर (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) स्वतः बनवलेला रोटेटरचा, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा, कंट्रोलर आहे. नव्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नाही म्हणून यूएसबीच्या तीन केबली आणल्या. आता कधी रिग सापडते, कधी सापडत नाही. लॉगिंगचा (संपर्कांच्या नोंदीचा) प्रोग्राम उघडला की एफटी-८ चा, म्हणजे संगणकाने डिजिटल संदेश पाठवण्याचा, प्रोग्राम कुरकुर करतो. लॅपटॉप सुरू केला की येसू आपोआप ट्रान्समिटवर जाते. आणि ४० मीटरच्या बँडवर पॉवर वाढवली की यूएसबी तुटल्याचा 'टुंग' आवाज येऊन सगळं ठप्प होतं. 'काका, केबली बदलू की लॅपटॉप?'

लॅपटॉप राहू द्या. चार तक्रारी आहेत, चौघींची कारणं वेगळी आहेत, आणि सगळं एकदम जोडून बसल्यामुळे ती एकमेकांत गुंतली आहेत. माझी नोकरी पीथमपूरला, कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये झाली. तिथला शिरस्ता असा की आधी मीटर, मग टर्मिनल (टाइप केलेलं थेट पोर्टवर पाठवणारा साधा प्रोग्राम) आणि सर्वांत शेवटी बाकीचं सॉफ्टवेअर. घरच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बहुतेकजण नेमकं उलट करतात. तीनही केबली काढून ठेवा आणि एकेक करत लावू.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. 'सीरियल' या एकाच नावाखाली दोन निराळ्या जाती बाजारात फिरतात. एक आरएस-२३२. हे मानक १९६० सालचं. त्यात 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. दुसरी टीटीएल. तिच्यात 'एक' म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट, 'शून्य' म्हणजे जवळपास शून्यच. तुमच्या टीएस-४८० च्या मागे नऊ पिनांचा कनेक्टर आहे, तो खरा आरएस-२३२. एफटी-८५७ च्या मागचा आठ पिनांचा मिनी-डिन मात्र टीटीएल. दोन्हींत व्होल्टेज उलटंसुद्धा आहे, त्यामुळे आरएस-२३२ ची केबल येसूला लावली तर नुसतं 'चालत नाही' एवढ्यावर भागत नाही. उणे व्होल्टेज थेट आतल्या चिपच्या पायात शिरतं. येसूची स्वतःची सीटी-६२ केबल महाग वाटते ती याच कारणाने, तिच्या पोटात लेव्हल बदलणारं सर्किट असतं.

ओळखायचं कसं? केबल फक्त लॅपटॉपला लावा, रिगला नको. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब ५ नंबरच्या पिनेवर, लाल ३ नंबरच्या पिनेवर. काटा किंवा आकडा उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दाखवत असेल तर आरएस-२३२. अधिक ५ किंवा अधिक ३.३ दाखवत असेल तर टीटीएल. मिनी-डिनच्या केबलीत हीच मोजणी ग्राउंड आणि रिगच्या आरएक्सडीकडे (डेटा घेणाऱ्या टोकाकडे) जाणाऱ्या पिनेदरम्यान करायची. तुमच्या तीन केबलींवर हे आधी करा आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि रिग वाचते.

येसूसाठी सीटी-६२ घ्यायचीच असं नाही. महाराणी रोडवर सीपी२१०२ चिपचं यूएसबी-टू-टीटीएल मॉड्यूल मिळतं. त्यावरून ग्राउंड, टीएक्सडी (डेटा पाठवणारी) आणि आरएक्सडी एवढ्या तीनच तारा घ्यायच्या. मॉड्यूलचा टीएक्सडी रिगच्या आरएक्सडीला आणि रिगचा टीएक्सडी मॉड्यूलच्या आरएक्सडीला, म्हणजे फुलीसारखं. मिनी-डिनचा प्लग सोल्डर करताना मॅन्युअलमधली आकृती सॉकेटची आहे की प्लगची, समोरून आहे की मागून, हे दोनदा बघा. त्याच जॅकच्या एका पिनेवर १३ व्होल्ट बाहेर येतात. तो डेटाच्या तारेला लागला तर मॉड्यूल गेलंच समजा. शिवाय एफटी-८५७ चा हा जॅक कॅट, लिनिअर आणि ट्यूनर अशा तिघांत वाटलेला आहे. मेनूत तो 'कॅट'वर नसेल तर जगातली उत्तम केबलसुद्धा मुकी राहील. (कॅट म्हणजे रिगला संगणकाने चालवण्याची सोय.)

केनवूडला मात्र सरळ केबल लागते: २ ला २, ३ ला ३. दुकानदार 'डेटा केबल' म्हणून नल-मोडेम केबल हातात ठेवतो, तिच्यात २ आणि ३ फिरवलेल्या असतात. कंटिन्युइटीवर एक बीप ऐकून खात्री करा.

आता चिप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी बघा. व्हेंडर क्रमांक ०४०३ असेल तर एफटीडीआय, १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०x, ०६७बी असेल तर प्रॉलिफिक, १ए८६ असेल तर सीएच३४०. प्रॉलिफिकची जुनी पीएल२३०३ आणि तिच्या नकला यांचा ताप असा की नवा ड्रायव्हर त्यांना ओळखून नकार देतो आणि तिथे पिवळं उद्गारचिन्ह येतं. नकली एफटीडीआयचाही इतिहास आहे. २०१४ मध्ये कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट क्रमांकच शून्य करून टाकला आणि लोकांच्या चालत्या केबली रातोरात दिसेनाशा झाल्या. माझी पसंती शॅकसाठी एफटीडीआय किंवा सीपी२१०२. सीएच३४० वाईट चिप नाही, पण तिच्यात सहसा स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो, आणि तुमची 'कधी सापडते, कधी नाही' ही तक्रार मला तिथलीच वाटते.

कारण असं: चिपला स्वतःचा क्रमांक असला की विंडोज तिला कुठल्याही भोकात ओळखते आणि तोच कॉम नंबर देते. क्रमांक नसला की विंडोज भोकाला ओळखते, केबलीला नाही. काल डावीकडे लावलेली केबल आज उजवीकडे लावली की कॉम५ ची कॉम९ होते, आणि प्रोग्राम बिचारा कॉम५ वर हाका मारत बसतो. म्हणून भोकं ठरवून टाका आणि त्यांच्यावरही चिकटपट्टी लावा. लिनक्सवर असाल तर टीटीवाययूएसबी शून्य-एकच्या भरवशावर राहू नका. डेव्हच्या सीरियल फोल्डरात 'बाय-आयडी' नावाचे कायमचे दुवे असतात, ते वापरा. क्रमांक नसलेल्या चिपसाठी 'बाय-पाथ'. आणि तुमचा वापरकर्ता 'डायलआउट' गटात टाका, नाहीतर पोर्ट दिसेल पण उघडणार नाही.

केबल आणि चिप ठरल्यावर टर्मिनल. इथे घाई करू नका, कारण पुढचे अर्धे वाद इथेच मिटतात. पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, सीरियल निवडा, कॉम नंबर टाका, फ्लो कंट्रोल ('पाठव', 'थांब' असं एकमेकांना सांगण्याची सोय) बंद. रिग अजून जोडलेली नाही. नऊ पिनांच्या टोकाला २ आणि ३ या पिना एका जेम क्लिपने एकमेकींना टेकवा आणि कीबोर्डवर काहीही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली पाहिजेत. क्लिप काढली की उमटणं थांबलं पाहिजे. उमटली तर लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप आणि केबल हे चौघे निर्दोष, आता दोष शोधायचा तो रिगकडे.

मग केनवूड जोडा. रिगच्या मेनूत जो बॉड रेट (डेटाचा वेग) आहे तोच पुटीत. ४८०० ठेवलात तर स्टॉप बिट (प्रत्येक अक्षरानंतरची विश्रांती) दोन, त्यावरच्या सगळ्या वेगांना एक. फ्लो कंट्रोल आता आरटीएस/सीटीएस करा. हे महत्त्वाचं आहे, कारण लॅपटॉपची आरटीएस तार वर नसेल तर टीएस-४८० ऐकते पण उत्तर देत नाही. पुष्कळ स्वस्त केबलींत ७ आणि ८ नंबरच्या तारा ओढलेल्याच नसतात आणि मग रिग 'मेली' म्हणून बोभाटा होतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'आयडी' आणि अर्धविराम टाइप करा. रिगने 'आयडी०२०' आणि अर्धविराम परत पाठवला पाहिजे, ती तिची ओळख. प्रश्नचिन्ह परत आलं तरी खूश व्हा: तारा जुळल्या आहेत, आज्ञा तेवढी चुकली. मग 'एफए' लिहून पुढे ०००१४०७४००० असे अकरा आकडे आणि अर्धविराम. रिगच्या डिस्प्लेवर १४.०७४ उमटलं की अर्धी लढाई जिंकलात.

येसूशी असं बोलता येत नाही. तिची भाषा पाच बाइटची आहे, अक्षरांची नाही. चार बाइटमध्ये वारंवारिता आणि पाचव्यात काय करायचं ते. १४.०७४ साठी ०१ ४० ७४ ०० आणि शेवटी ०१. ट्रान्समिटसाठी शेवटचा बाइट ०८, थांबवायला ८८. हेक्स पाठवू शकणारा टर्मिनल प्रोग्राम लागेल. स्टॉप बिट इथे सगळ्या वेगांना दोन. तुमच्या प्रोग्राममध्ये तो एक असेल तर कधी चाललं, कधी नाही असला खेळ होतो, बघून घ्या.

आता येसू आपोआप ट्रान्समिटवर का जाते. सीरियल पोर्टला डेटाच्या तारांखेरीज डीटीआर आणि आरटीएस अशा दोन ताराही असतात, एकेकाळी मोडेमला 'मी तयार आहे' असं सांगण्यासाठी. हौशी लोकांनी त्यांना ट्रान्झिस्टर लावून पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारी कळ) आणि मोर्स की बनवलं. हुशारी झकास आहे, पण विंडोज सुरू होताना किंवा कुठलाही प्रोग्राम पोर्ट उघडताना या तारा क्षणभर किंवा कायम वर जातात. तुमच्या इंटरफेसमध्ये आरटीएसवरून पीटीटी घेतलेलं दिसतंय. एफटीडीआय चिप असेल तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'सीरियल एन्युमरेटर'ची खूण काढा. ती विंडोजला सुरू होताना पोर्टवर सीरियल माउस वगैरे शोधायला लावते. लिनक्सवर हाच उपद्व्याप 'मोडेममॅनेजर' करतो. त्याची गरज नसेल तर काढून टाका.

पण माझं खरं मत असं की त्या तारेवरचं पीटीटी सोडाच. दोन्ही रिगना ट्रान्समिटची आज्ञा कॅटमधूनच देता येते. एफटी-८ च्या प्रोग्रामात, म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये, रेडिओ पानावर पीटीटी 'कॅट' करा. येसूसाठी डीटीआर आणि आरटीएस दोन्ही 'लो' वर बांधून टाका. केनवूडसाठी हँडशेक 'हार्डवेअर' ठेवा, किंवा हँडशेक बंद करून आरटीएस 'हाय' बांधा. दोन्ही एकदम होत नाही. यात एक धोका आहे, तोही सांगतो. ट्रान्समिट चालू असताना यूएसबी तुटली तर 'थांब' ही आज्ञा रिगपर्यंत पोचतच नाही आणि रिग कॅरियर सोडत राहते. प्रोग्राममधला वॉचडॉग (ठरल्या वेळाने ट्रान्समिट थांबवणारा पहारेकरी) इथे कामाचा नाही, त्याची तारच तुटलेली असते. म्हणून रिगच्या स्वतःच्या मेनूत टाइम-आउट टायमर सर्वांत कमी मिनिटांवर ठेवा. एफटी-८ चा एक डाव १५ सेकंदांचा, त्यात बोलणं तेरा सेकंदांच्या आत, तेव्हा टायमर मध्ये येणार नाही.

दोन प्रोग्रामांच्या भांडणाचं म्हणाल तर कॉम पोर्ट हा वाड्यातल्या एकुलत्या एक न्हाणीघरासारखा आहे. एकाने आतून कडी घातली की दुसरा बाहेर ताटकळत. उपाय एवढाच की पोर्टचा ताबा एकाच प्रोग्रामला द्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं. विंडोजवर ओम्निरिग हे काम करतं, दोन रिग सांभाळतं, आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या रिगच्या यादीत त्याचं नाव आहेच. एफएलरिगही चांगलं. लिनक्सवर मी हॅमलिब या सॉफ्टवेअर-संचातला रिगसीटीएलडी चालवतो. तो रिगचा पोर्ट धरतो आणि ४५३२ या नेटवर्क पोर्टवर बाकीच्यांना उत्तरं देतो. रोटेटरसाठी त्याचा भाऊ ४५३३ वर. आणि खरं तर तुमच्या लॉगिंगला रिगशी बोलायची गरज आहे का, तेही बघा. डब्ल्यूएसजेटी-एक्स झालेला क्यूएसओ (संपर्क) नेटवर्कच्या यूडीपी २२३७ या पोर्टवर जाहीर करतो, बहुतेक लॉगर तो ऐकून नोंद करतात. तुम्ही मुख्यतः एफटी-८ च करत असाल तर एवढ्यावर भागतं, मधला दलालही लागत नाही.

चौथी तक्रार, पॉवर वाढवली की यूएसबी तुटणं, सीरियलची नाहीच. ती आरएफची, म्हणजे ट्रान्समिटच्या रेडिओ लहरींची. आधी एक परीक्षा: अँटेना काढून डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि त्याच पॉवरवर, त्याच बँडवर ट्रान्समिट करा. आता यूएसबी टिकली तर दोष अँटेनाकडून येतोय. कोॲक्सच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलीच्या) बाहेरच्या आवरणावरून आरएफ परत खोलीत शिरतो आणि यूएसबीची तार त्याला अँटेनासारखीच आहे. डमी लोडवरही तुटली तर पॉवर सप्लाय किंवा केबल बघा. गच्चीवरून एका टोकाला फीड केलेली तार टाकली असेल, आणि शहरात जागेपायी बहुतेकांची तीच असते, तर हे होणारच. फीडच्या जागी (अँटेनाला कोॲक्स जोडते तिथे) चोक बांधा: ३१ नंबरच्या मिश्रणाचा मोठा टोरॉइड (फेराइटची कडी), त्यावर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. कोॲक्स खोलीत शिरते तिथे आणखी एक.

यूएसबीच्या तारेवरही फेराइट लावा, पण जुन्या मॉनिटरच्या केबलीवरचा गोळा कापून लावाल तर ४० मीटरवर त्याचा फारसा उपयोग नाही. ते गोळे ३० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या गोंगाटासाठी असतात. एचएफला, म्हणजे त्याखालच्या बँडांना, ३१ नंबर. आणि तार नुसती आरपार घालू नका, वेढे द्या. परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे नऊपट. शिवाय एफटी-८ ला १०० वॅट कशाला? तीस-चाळीस वॅटवर इंदूरहून युरोप सहज होतो, एमएल७२ हा आपला नकाशावरचा चौकोन लोकांना हवाही असतो.

अर्थिंगचं जरा थांबून बोलतो. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या उघड्या धातूच्या स्क्रूला टेस्टर टेकवा. दिवा मंद लागला तर दचकू नका: चार्जरच्या आतले गाळणीचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून त्या धातूला बांधलेले असतात, आणि अर्थ नसेल तर लॅपटॉपचं अंग अर्ध्या मेनच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी कमी, माणसाला झिणझिण्यांपलीकडे काही नाही. पण रिगचं अंग १३.८ व्होल्टच्या सप्लायमार्फत अर्थला बांधलेलं असतं, आणि तुम्ही नऊ पिनांचा प्लग आत ढकलता तेव्हा पहिल्यांदा कुठली पिन टेकेल हे दैवावर. ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली की तो झटका चिपमधून जातो. 'काही केलं नाही आणि पोर्ट उडाला' या कहाण्या बहुतेक इथल्याच. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, एक-दोन व्होल्ट ठीक, दहा-वीस असतील तर घरच्यांसाठीही ते दुरुस्त करा. तोवर दोन्हीकडे वीज बंद असतानाच केबल जोडा. एडीयूएम४१६० चिपचं यूएसबी आयसोलेटर मॉड्यूल मध्ये टाकलंत तर हा रस्ताच तुटतो. त्याचा १२ मेगाबिटचा वेग सीरियल आणि साध्या साउंड कार्डाला पुरतो. मात्र ते आरएफ थांबवत नाही, फेराइट तरी लागेलच.

मोर्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी जाता जाता: डीटीआरवरून लॅपटॉपने की मारू नका. २५ शब्दांच्या वेगाला एक डॉट ४८ मिलिसेकंदांचा, आणि एफटीडीआयचा नुसता लेटन्सी टायमर मूळचा १६ चा. विंडोजला मध्येच दुसरं काम आठवलं की डॉट लांबतो. विनकीसारखी वेगळी चिप अक्षरं घेते आणि ठोके स्वतः मोजते, ते ऐकायला सुरेल लागतं.

रोटेटर. आर्डुइनो उनोची खोड अशी की पोर्ट उघडला की डीटीआर हलतो आणि बोर्ड रीसेट होतं. त्या क्षणी सगळ्या पिना तरंगतात, आणि रिले जर 'लो'वर चालणारी असेल तर अँटेना स्वतःच्या मनाने एक हिसका घेते. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अधिक टोक रीसेटकडे. नवा प्रोग्राम भरताना तेवढा काढायचा. रिलेच्या प्रत्येक इनपुटला पुल-अप रेझिस्टरही द्या, म्हणजे बोर्ड झोपेत असलं तरी मोटर गप्प राहील. भाषा येसूच्या जीएस-२३२ ची ठेवा, सगळे प्रोग्राम ती जाणतात: 'एम३१८' म्हटलं की अँटेना ३१८ अंशांवर, म्हणजे इथून लंडनकडे. 'सी' म्हटलं की ती कुठे आहे ते सांगते. कंट्रोलर गच्चीवर आणि लॅपटॉप तळमजल्यावर असेल तर यूएसबी ओढू नका, ती पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही. आरएस-२३२ पंधरा मीटरपर्यंत जाते. त्याहून लांब असेल तर आरएस-४८५ चे दोन मॉड्यूल आणि पीळ दिलेली तारांची जोडी टाका; कारखान्यात आम्ही तिच्यावर शेकडो मीटर निभावून नेत असू. गच्चीवरून खाली येणारी ही जोडी मे महिन्यात ढग दिसले की कोॲक्सबरोबरच सोडवून ठेवायची.

उद्या आयकॉम घेतलीत तर वेगळा संसार. सीआय-व्ही ही एकाच तारेवरची बस, तीवर अनेक रिग बसतात, प्रत्येकीचा पत्ता वेगळा. आयसी-७३०० चा ९४, आयसी-७१८ चा ५ई, संगणकाचा ई०. तुम्ही पाठवलेलं तुम्हालाच परत ऐकू येतं, तो बिघाड नाही. ७३०० च्या आत यूएसबी आणि साउंड कार्ड दोन्ही असल्याने वर लिहिलेल्यातलं निम्मं त्यात लागतच नाही. आरएफ आणि अर्थिंगचं मात्र सगळं लागतं.

सध्या एवढं करा: तिन्ही केबलींचं ३ नंबरच्या पिनेवरचं व्होल्टेज, त्यांचे व्हेंडर क्रमांक, आणि ४० मीटरवर डमी लोड लावून यूएसबी टिकते की नाही. हे तीन आकडे-उत्तरं कळवा. केनवूडचं 'आयडी०२०' आलं की येसूला हात लावा, आधी नको.